एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम

"वजन?" नवीने विचारलं, आणि तिच्या तोंडून "अठ्ठ्याहत्तर" निघून गेलं.

आपलं आडनाव विचारल्यावर सांगावं इतकं सहज. नवीने सात आणि आठ दाबले, मान वर केली नाही, आणि मशीनने तो आकडा निमूट घेतला. नवी म्हणजे तिची कामावरची जोडीदारीण. हॉस्पिटलात लागून तिला चार वर्षं झाली होती, घरी दोन वर्षांचं मूल होतं, तरी सगळा मजला तिला अजून नवीच म्हणायचा. आणि हिला सगळे ताई म्हणायचे, वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. बावीस वर्षं ती या इकोच्या खोलीत होती. लोकांच्या छातीवर जेल लावून प्रोब टेकवायचा, आवाजाच्या लहरींनी आतल्या हृदयाचं हलतं चित्र काढायचं, मापं घ्यायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची, हे तिचं काम. आज नवीन मशीन आलं होतं. नवीन मशीन कधीही आधी पेशंटवर चालवायचं नाही, कामावरच्याच कुणाला तरी आडवं करायचं, असा त्या खोलीचा जुना रिवाज होता. दर वेळी सगळ्यात काटकुळा माणूस शोधून आणत, कारण सडपातळ छातीत चित्र स्वच्छ येतं आणि मशीन विकणारा खूश होतो. पण काटकुळा वॉर्डबॉय रजेवर होता, नवीला बटणं शिकायची होती, कंपनीचा इंजिनियर घड्याळाकडे बघत होता, आणि ती "मी झोपते" म्हणून मोकळी झाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळपासून गुडघे ठणकत होते आणि समोर पलंग होता, एवढं मात्र खरं.

आणि अठ्ठ्याहत्तर हे अगदीच खोटं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात अकरा दिवस ती खरोखर अठ्ठ्याहत्तर किलोची होती. चौऱ्याण्णववरून तिथवर उतरायला चौदा महिने लागले होते. चौदा महिने ती मोजून जेवली, पहाटे उठून चालली, चहातली साखर सोडली, दुधावरची साय डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताटात जाऊ दिली. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला, दर रविवारी एक ठिपका, आणि ठिपके जोडून एक लांबलचक उतार काढला. अठ्ठ्याहत्तरला त्याने बारीक अक्षरात 'पायथा' असं लिहिलं. धाकट्या बहिणीने मिठी मारली तेव्हा तिच्या दोन्ही हातांची बोटं पाठीमागे एकमेकांना लागली आणि ती रडायलाच लागली. अकरा दिवस. बाराव्या दिवसापासून ये रे माझ्या मागल्या. काय झालं असं लोक विचारत, तेव्हा ती म्हणायची, आई गेली ना त्या वर्षी. पण आई गेली त्याच्या आधीच सहा किलो परत आले होते. खरं म्हणजे काहीच झालं नव्हतं. एका संध्याकाळी तिने पावाला लोणी लावलं आणि आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं.

त्यानंतर दोनदा प्रयत्न झाले. एकदा बहिणीने आणलेल्या पावडरीच्या डब्यांनी, एकदा फोनवरून रोज सकाळी 'आज आपण जिंकणार' असा निरोप पाठवणाऱ्या एका बाईच्या मदतीने. दोन्ही वेळा थोडं उतरलं आणि मग व्याजासकट चढलं. शेवटी तीन वर्षांपूर्वी काट्यावर नव्व्याण्णव पूर्णांक सहा आलं. ती उतरली, काटा ओल्या फडक्याने पुसला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन आली, त्यांना प्रवासाच्या बॅगा तोलायच्या असत. शंभर तिला बघायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याने त्या संध्याकाळी आलेखाचा कागद उतरवला. भिंतीवर गोंदाचे चार डाग राहिले. त्या दिवसापासून घरात वजनाच्या बाबतीत अळीमिळी गुपचिळी होती, आणि हे सांगायलाच हवं, ती त्या रात्री फार छान झोपली. हात टेकण्यात एक सुख असतं, ते टेकल्याशिवाय कळत नाही. मग आयुष्य त्याप्रमाणे लावून घ्यायचं. जिन्याकडे बघायचंच नाही, सरळ लिफ्टकडे वळायचं. बसमध्ये दोघांच्या सीटवर अशा वेळी बसायचं की शेजारी कुणी येणार नाही. फोटोत दुसऱ्या रांगेत उभं राहायचं आणि कुणाचं तरी मूल कडेवर घ्यायचं. रात्री नवरा दिवा मालवायचा तेव्हा आधी तिच्या गालाला हात लावायचा, आणि त्या हातात कसलीही तक्रार नसायची. इतकं सगळं ठीक असताना मशीनला वजन सांगायची वेळ येईल असं कुणाच्या मनात येणार?

आता ती डाव्या कुशीवर वळली होती, डावा हात डोक्याखाली, अंगात कागदी गाऊन. हजारो माणसांना तिने याच पलंगावर असं वळवलं होतं, पण तिथून भिंत कशी दिसते हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पेशंटची पाठ मशीनकडे असते, त्याला दिसते फक्त भिंत. रंगाचा एक पोपडा निघाला होता, त्याच्या कडा बऱ्याच जणांनी नखाने कुरतडलेल्या होत्या. इंजिनियरने शिकवायची सोय म्हणून त्याच भिंतीवर आज एक मोठी स्क्रीन टांगली होती, ती अजून काळी होती. जेल गार लागलं. गार लागेल हं, असं ती प्रत्येकाला सांगायची, पण ते इतकं गार असतं हे तिला माहीत नव्हतं.

नवीने प्रोब टेकवला आणि स्क्रीनवर करडं धुकं आलं. नवीने जागा बदलली. धुकंच. नवीने एक फासळी सोडून खाली घेतला, वर घेतला, थोडा तिरका केला. दोन फासळ्यांच्या मधे एक फट असते, तिथूनच आतलं दिसतं. त्या फटीला ही मंडळी विंडो म्हणतात. जाड माणसाची विंडो लवकर सापडत नाही. ताईने स्वतः कितीतरी रिपोर्टांवर 'विंडो अपुरी' असे दोन शब्द टाकले होते आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती. बाहेर वीस माणसं ताटकळत असतात, प्रत्येकावर किती वेळ घालवायचा? आज ते दोन शब्द तिच्या अंगावर आले. नवीच्या मनगटाचा जोर वाढत होता आणि बिचारीला घाम फुटला होता.

"जरा अवघड केस आहे," इंजिनियर म्हणाला, आणि लगेच घाईने, "म्हणजे मशीनसाठी, मॅडम. आपण दुसरं कुणीतरी बघू या का?"

"थांब," ती नवीला म्हणाली. "दे इकडे."

तिने उजवा हात मागून पुढे आणला आणि प्रोब स्वतःच्या हातात घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तसं. लोकांची हृदयं शोधण्यात जन्म गेला आणि स्वतःचं बोटभर अंतरावर होतं. तिने पूर्ण श्वास सोडला आणि धरून ठेवला. प्रोब छातीच्या वळीखाली सरकवला, पेशंटला 'थोडं दुखेल' म्हणून सांगायला लागेल इतका दाबला आणि केसाएवढा फिरवला. धुकं बाजूला झालं.

ते तिथे होतं.

आजवर तिने किती हृदयं पाहिली असतील? दिवसाला दहा-बारा धरली तरी साठ हजारांच्या वर. नुकत्या जन्मलेल्या मुलांची अक्रोडाएवढी पाहिली होती, म्हाताऱ्यांची दमलेली पाहिली होती, एकदा तर उजवीकडे असलेलं पाहिलं होतं. म्हणून तिला वाटलं होतं, असेल आणखी एक. पण ते आणखी एक नव्हतं. चार कप्पे, मधला पडदा आणि ती झडप. लहान मूल निरोप देताना नुसती बोटं हलवतं, तशी ती झडप हलत होती. उघड, मीट. उघड, मीट. कुणी बघतंय याची तिला पर्वा नव्हती. कुणी बघत नव्हतं तेव्हाही हेच चाललं होतं, आणि या एका विचाराने तिचे डोळे एकदम भरून आले. आईला दिवस गेल्याची खात्री होण्याच्या सुमारास हे सुरू झालं होतं, आणि एकोणपन्नास वर्षांत एकदाही बसलं नव्हतं. दिवसाला लाखभर ठोके. शिकायला येणाऱ्या मुलींना ती हा आकडा तोंडपाठ सांगायची, इतका पाठ की तो ऐकणं तिने कधीच सोडून दिलं होतं. लेक जन्मली त्या सतरा तासांत हे चालू होतं. आईचा हात तिच्या हातात गार पडत गेला तेव्हा आईचं थांबलं आणि हिचं थांबलं नाही, तेव्हा तिला याचाच राग आला होता. ती पहाटे अंधारात पाय ओढत चालायची तेव्हा हे होतं, आणि पावाला लोणी लावताना हेच होतं. तिने हात टेकले त्या रात्री ती छान झोपली. हे झोपलं नाही.

इकोच्या खोलीत एक नियम असतो, तो कुठे लिहिलेला नाही. पेशंटला चित्र कळत नाही, म्हणून तो चित्र काढणाऱ्याचा चेहरा वाचतो. तेव्हा चेहरा कोरा ठेवायचा. बावीस वर्षांत तिने चेहरा इतका कोरा केला होता की घरीही नवरा कधीकधी म्हणायचा, अगं, मी पेशंट नाही. लोक विचारत, ठीक आहे ना सगळं? ती म्हणायची, डॉक्टर सांगतील. आता डोळे भरलेले असूनही चेहरा सवयीने कोराच राहिला, आणि आतून कुणीतरी विचारलं, ठीक आहे ना सगळं? आणि आतूनच उत्तर आलं, डॉक्टर सांगतील. तिला हसू आलं. हसल्यामुळे चित्र हललं आणि पुन्हा जागेवर आलं.

"ताई, मस्त आलंय. फ्रीज करते," नवी म्हणाली. तिने चित्र थांबवलं, मापाच्या रेघा ओढल्या. मधल्या पडद्याची जाडी अकरा मिलिमीटर. मागच्या भिंतीची अकरा मिलिमीटर. बाईमाणसाची ही भिंत नऊपर्यंत असावी. अकरा म्हणजे फार नाही. एखाद्या पेशंटची असती तर तिने भुवईही हलवली नसती. हृदयाला जास्त ओढावं लागलं की त्याची भिंत जाड होते, ओझी उचलणाऱ्याचे दंड होतात तशी. इंजिनियर आता रंगात आला होता. "आता काही करायचं नाही, मॅडम. बाकी सगळं मशीन स्वतः काढतं," तो म्हणाला, आणि मशीनने काढलं. डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम. त्याच्या खालच्या ओळीत, शरीराच्या आकाराच्या मानाने ते किती, तो आकडा: एकशे पाच. पंच्याण्णवच्या वर गेला की तो आकडा लाल होतो. तो लाल होता.

नेमके त्याच वेळी डॉक्टर आत आले. ते नवं मशीन बघायला आले होते आणि आधी त्यांनी लाल आकडाच पाहिला, कारण डॉक्टरांची नजर तिथेच जाते. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. नवीने ताईकडे पाहिलं. "माझं, सर," ती पलंगावरून म्हणाली. डॉक्टरांना कोरा चेहरा जमत नसे. ते काम त्यांनी कायम तिच्यावर सोडलं होतं. ते स्टूल ओढून बसले. "अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला हे जास्त आहे हो, ताई. दम लागतो? छातीत भरून येतं? आणि मला कधी बोलला नाहीत." मग आवाज आणखी खाली आणून, "घाबरू नका. उद्या रक्त तपासू, एक-दोन तपासण्या आणखी करू, गोळी चालू करू. आणि आठवडाभर घरी बसा. खोली नवी सांभाळेल."

ती पडून राहिली. खोट्याचं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला कळत होतं? वजन कमी सांगितलं की मशीन माणूस लहान समजतं, आणि मग त्याच्या आतलं हृदय मोठं दिसायला लागतं. आकडा लाल झाला तो हृदयामुळे नव्हे, तिच्या जिभेमुळे. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि ते वाक्य ओठांवर येईना. कारण एक फार गोड गोष्ट समोर आली होती. ती आजारी असू शकत होती. जाड नव्हे, आजारी. जाडीला लोक सल्ला देतात, आजाराला उशी आणून देतात. डॉक्टरांचा आवाज आत्ताच बदलला होता. संध्याकाळी नवऱ्याचा बदलेल, बहीण धावत येईल, लेक फोनवर रडेल, आणि पुन्हा कधी कुणी तिला चाल म्हणणार नाही, खाऊ नको म्हणणार नाही. गोळी घ्यायची आणि बसायचं. हात टेकले होतेच, आता त्यावर डॉक्टरांची सही मिळत होती. एक क्षण, अगदी खरं सांगायचं तर चांगले दोन-तीन क्षण, तिने मनातल्या मनात ती उशी पाठीशी घेऊनही पाहिली.

पण समोरच्या भिंतीवर ते चालू होतं. नवीने मापं घेऊन चित्र सोडून दिलं होतं आणि मशीन तिचेच तीन-चार ठोके पुन्हा पुन्हा दाखवत होतं. अकरा मिलिमीटर. आणि तिला हळूहळू एक गोष्ट समजली. साधीच होती, तिच्या रोजच्या कामातली, पण ती समजताना अंगावर काटा आला आणि दंडावर रेंगाळत राहिला. याला तिचं वजन माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं, बहिणीला नव्हतं, तिला स्वतःला तीन वर्षं माहीत नव्हतं. काटा खालच्या मजल्यावर गेला होता. आरसा तिने कमरेच्या वरचा लावला होता. कपडे शिवणारी बाई कधी आकडा मोठ्याने म्हणत नसे. सगळ्या जगाला तिने गप्प केलं होतं, आणि या मुठीएवढ्या गोष्टीने सगळं मोजलं होतं; मोजलं म्हणजे उचललं होतं. प्रत्येक किलो आला की त्याने आपली भिंत थोडी जाड केली आणि रक्त ढकललं. शंभरावा आला तेव्हा ती बघायला नव्हती, हे होतं. त्याने एकदाही विचारलं नाही की हे आणखी किती दिवस. ज्याला ती शरीर म्हणून नावं ठेवत आली, ढिलं, आळशी, कामचुकार म्हणत आली, त्याच्या आत इतका कष्टाळू प्राणी राहत होता. एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम. साबणाच्या दोन वड्या. आणि त्याचंच चित्र समोर धरून ती त्याला रोगी ठरवायला निघाली होती.

मग तिला एक बसड्रायव्हर आठवला. मोठा, गडगडाटी हसणारा माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा त्याची भिंत तेरा होती. दीड वर्षाने बावीस किलो उतरवून आला तेव्हा साडेअकरा. त्यानंतर पुन्हा आला तेव्हा दहा. तिने तीनदा माप घेतलं होतं, आपलं चुकतंय म्हणून. चुकत नव्हतं. ओझं कमी झालं तसं हृदयाने जाडी उतरवून ठेवली होती. त्या दिवशीही तिचा चेहरा कोरा होता, पण प्रोब तिसऱ्यांदा टेकला तेव्हा ड्रायव्हरने विचारलं होतं, ठीक आहे ना? हृदयाची जाडी अशी हळूहळू मागे येते हे तिला पुस्तकातून माहीत होतंच. पण ते आपल्या बाबतीतही खरं असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या मते एकदा पायथ्यापासून वर चढलेल्या माणसाला सगळं बंद झालेलं असतं. लोक रागावतात, कंटाळतात, आपण स्वतःवर चिडतो. हे मात्र राग धरत नाही. अकरा दिवसांनंतर तिने काय केलं याच्याशी याला कर्तव्य नव्हतं. तिने आजपासून काही केलं तर हे आजपासून घेणार होतं.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली आणि उठून बसली. उठायला वेळ लागला, नवीने हात दिला. तिने टॉवेलने छाती पुसली, गाऊनच्या नाड्या नीट बांधल्या आणि अनवाणीच दाराबाहेर गेली. इकोच्या खोलीबाहेर पेशंटांसाठी काटा असतो. बावीस वर्षं ती त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, लोकांना "आधी वजन करून या" म्हणत आली होती. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, त्यांतल्या एका बाईच्या मांडीवर फाइल होती आणि ती फाइल मिटून ताईकडे बघत राहिली. ती काट्यावर चढली. पाय गार पडले होते. आकडे जरा नाचले आणि ठरले. तिने खाली वाकून पाहिलं, कारण उभ्याने ते तिला दिसत नव्हते. मधे पोट येत होतं.

"नवी," तिने तिथूनच हाक मारली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "वजन बदल. एकशे चार पूर्णांक दोन."

आत बटणं वाजलेली ऐकू आली. ती काट्यावरून उतरली तेव्हा बाकावरच्या एका आजोबांनी पाय आत घेऊन तिला वाट दिली, बस, एवढंच झालं. तीन वर्षं ती ज्याला भीत होती ते एवढंच होतं. आत आली तेव्हा लाल आकडा गेला होता. त्याच्या जागी त्र्याण्णव होते, काळे. इंजिनियरला आपल्या मशीनची अब्रू वाचल्यासारखं वाटलं असावं, तो उगाच वायर गुंडाळायला लागला. नवीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि नवीने आधीच ओळखलं होतं हे तेव्हा तिला कळलं. चार वर्षं रोज लोकांची वजनं टाइप करणाऱ्या बाईला अठ्ठ्याहत्तर कसं दिसतं हे माहीत नसेल होय?

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हं. मग हे हद्दीत आहे. अगदी काठावर, पण आत." मग ते थांबले. पुढचं वाक्य ते प्रत्येक पेशंटला म्हणत, ते तिला पाठ होतं; आणि तिच्याशी बोलताना ते त्यांना म्हणवत नव्हतं, हेही तिला दिसलं.

"म्हणा ना, सर," ती म्हणाली. "सगळ्यांना म्हणता. आणि हा आकडा जाड माणसाला जरा मायेनं वागवतो, हे मलाही माहीत आहे. काळा झाला तरी भिंत अकराच आहे."

"अकराच आहे," ते म्हणाले. "बरं. रोज ब्लडप्रेशर मोजा, गोळीचं मागाहून बघू. आणि वजन..." ते तिच्याकडे बघत राहिले. "कराल?"

आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. करा, करायला हवं, का करत नाहीस, असं सगळं म्हणून झालं होतं. आणि तिने प्रत्येकाला हो म्हटलं होतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून, पाहुण्यांना बसा म्हणावं तसं. या वेळी तो हो येईना. तिचा हात नकळत छातीवर गेला होता. तिथे ते चालूच होतं, काट्यावर चढल्याने जरा भरभर. ते शांत होईपर्यंत ती थांबली. डॉक्टरही थांबले, हे त्यांचं मोठेपण.

"दोन मिलिमीटर," ती म्हणाली. "किलोचं मला सांगू नका, सर. किलोचं ऐकून मी विटले आहे. दोन मिलिमीटरचं बघते, अकराचे नऊ."

"सहा महिन्यांनी परत चित्र काढू," डॉक्टर म्हणाले. नवीने तारीख टाकली. मग बाहेरच्या फाइलवाल्या बाईंना आत घेतलं, त्यांची मशीनकडे पाठ वळवली आणि दुपारचं काम सुरू झालं. त्या बाई चांगल्या अंगाने होत्या. त्यांची विंडो सापडायला अठरा मिनिटं लागली, बाहेर लोक कुरकुरले, आणि ताईने ती शोधली.

संध्याकाळी ती बसथांब्याशी आली आणि थांबली नाही. ठरवून असं काही नव्हतं. पूर्वी ती चालायची ती शिक्षा भोगावी तशी. दात आवळून, पावलं मोजत, शरीराच्या पाठीत काठी घातल्यासारखी. आज तिला चालताना सारखं वाटत होतं की आपण एकटे नाही. वर्षानुवर्षं घरातून बाहेर न पडलेल्या, न कुरकुरता राबलेल्या कुणाला तरी आज प्रथमच फिरायला आणलंय, आणि त्याला झेपेल तसंच जायला हवं. दिव्यांचे खांब लागले, चपलांचं दुकान, बंद पडलेलं कारंजं. हवेत ओल्या सिमेंटचा वास होता. जगात इतक्या माणसांच्या छातीत हे चालू आहे, त्या सायकलवाल्याच्या, त्या भांडणाऱ्या दोघांच्या, आणि कुणाला पत्ता नाही, या विचाराने तिला रस्त्यातच भरून आलं. पुलाचा चढ सुरू झाला तशी तिची छाती धडधडायला लागली. एरवी ती त्या धडधडीची लाज वाटून घाईघाईने पुढे गेली असती. आज ती कठड्याला टेकली आणि वाट बघत उभी राहिली.

पर्समधला फोन वाजला. नवरा होता. "अगं, कुठे आहेस? बस चुकली का?"

"नाही. चालत येतेय."

त्यांच्या घरातल्या गुपचिळीला धक्का लागला होता. शाबास म्हणावं तर दुखेल, न म्हणावं तरी दुखेल, अशी त्याची नेहमीची अडचण. शेवटी भूगोलाच्या मास्तराला शोभेल असं त्याने विचारलं, "पुलापर्यंत आलीस का? किती वेळ लागेल?"

"काय माहीत. आम्ही हळू येतोय."

"आम्ही?" तो म्हणाला. "बरोबर कोण आहे?"

ती कठड्याला टेकून उभी होती, एक हात छातीवर. धडधड आता बरीच निवळली होती.

"घरी आल्यावर सांगते," ती म्हणाली. आणि उरलेला चढ तिने सावकाश चढला.